मानेतला काटा

मुलांनो, गोष्ट सुरू करायच्या आधी एक काम करा. ताठ बसा. आता समजा, तुमच्या मानेत कुणीतरी लाकडाची फळी ठोकून बसवली आहे. मान डावीकडे वळत नाही, उजवीकडे वळत नाही, वर नाही आणि खालीही नाही. उजवीकडून आईने हाक मारली, तर काय कराल? मान वळवायची नाही हं, फळी आहे! म्हणजे सगळं अंगच वळवावं लागणार. ताटात भाजी कोणती आहे ते पाहायचं, तर ताट नाकासमोर उचलून धरावं लागणार. आणि रस्ता ओलांडायचा असेल तर? गाडी येते का बघत भिंगरीसारखं गोल गोल फिरतच पलीकडे जावं लागणार. लोक म्हणतील, हे पोर नाचत नाचत निघालंय कुठे?

पाहिलंत करून? आता मान मोकळी करा. तुम्हाला ती मोकळी करता येते. मनकर्णाबाईंना येत नव्हती.

मनकर्णाबाई म्हणजे अपेक्षाची आजी. त्यांचं गाव फुलंब्रीच्या पुढे. कापूस वेचताना वाकून वाकून आणि चाऱ्याचे भारे डोक्यावर वाहून वाहून त्यांची मान जी धरली, ती सुटायचं नावच घेईना. शेवटी त्यांचा मुलगा राजेंद्र, म्हणजे अपेक्षाचे बाबा, गावी गेले आणि आईला छत्रपती संभाजीनगरला, सिडकोतल्या आपल्या घरी घेऊन आले. येताना सगळ्या वाटेत ते सांगत होते, की ओळखीच्या फिजिओथेरपिस्ट बाई आहेत, त्यांनी माझा खांदा बरा केला, तुझी मान आठवड्यात पंख्यासारखी फिरवून देतील.

"पंख्यावानी कशाला फिरवायची?" मनकर्णाबाई म्हणाल्या. "मी काय घुबड हाय?"

आता या आजींचा स्वभाव तुम्हाला सांगायला हवा. त्या संशयी होत्या. साध्या संशयी नव्हे, तर पोत्याला पोतं लावून ठेवावं इतका संशय त्यांच्याजवळ साठवलेला होता! तरुणपणापासूनच त्यांनी घरातून अंगारे, धुपारे, गंडे, दोरे हाकलून लावले होते. जे डोळ्यांनी दिसतं तेच खरं, हे त्यांचं ठाम मत. मत उत्तमच होतं. पण शहरात आल्यावर ते त्यांनी सगळीकडे लावलं. पिशवीतलं दूध म्हशीचं कशावरून? म्हैस तर कुठे दिसत नाही. लिफ्टचं दार लागल्यावर आतल्या माणसाचं काय होतं ते बाहेरच्याला कसं कळणार? म्हणून त्या फळी बसवलेली मान घेऊन जिन्याने चढत.

आणि त्यांना एक विद्या येत होती. काटा काढायची. गावात कुणाच्या पायात काटा मोडला, की तो माणूस लंगडत त्यांच्याच ओट्यावर यायचा. मनकर्णाबाई सुई दिव्याच्या ज्योतीवर धरायच्या, कातडी हलकेच उकलायच्या आणि काटा बाहेर काढून त्या माणसाच्या तळहातावर ठेवायच्या. तळहातावर काटा पडल्याशिवाय कुणी ओट्यावरून उठायचं नाही, असा त्यांचा कायदाच होता. उगाच कुणी म्हणायला नको, की म्हातारीने नुसतंच टोचलं.

मान लवकर सुटणं गरजेचं होतं, कारण घरात लग्न आलं होतं. मनकर्णाबाईंच्या धाकट्या जाऊबाई, दगडाबाई, गावात त्यांच्या शेजारच्याच घरात राहत. त्यांची नात प्रेरणा हिचं लग्न होतं आणि त्या लग्नात करवली कोण होती, ठाऊक आहे? आपली अपेक्षा! पाचवीतली मुलगी, आयुष्यात पहिल्यांदाच करवली होणार. मोरपंखी घागरा शिवून आला होता. तो ती रोज कपाटातून काढून अंगाला लावून पाहायची आणि परत ठेवायची. पण आजीने जाहीर करून टाकलं होतं, की अशी मान घेऊन मी मंडपात पाय ठेवणार नाही. फोटोत सगळे नवरीकडे बघतील आणि मी एकटी भिंतीकडे! आणि आजी नाही तर बाबा नाहीत, बाबा नाहीत तर कुणीच नाही. म्हणजे अपेक्षाचा घागरा कपाटातच राहणार.

तेव्हा अपेक्षा आजीचा हात धरून स्वतःच दवाखान्यात गेली.

तिथल्या फिजिओथेरपिस्ट आमरीन मॅडम हसतमुख होत्या. त्यांनी आजीच्या मानेवर, खांद्यावर बोटं दाबून पाहिली आणि एका जागी आजी "आईऽऽ" म्हणाल्या. मॅडमनी समजावून सांगितलं. तुम्हीही ऐकून ठेवा. आपले स्नायू दोऱ्यांच्या जुडीसारखे असतात. काम झालं की ते सैल पडायला हवेत. पण एकाच कामाचा फार ताण पडला, तर जुडीतले थोडे दोरे आक्रसून बसतात, धुणं पिळून तसंच टाकून द्यावं तसे. बोटाला ती गाठ लागते. त्या गाठीत बारीकशी सुई घातली, की स्नायू एकदा उडी मारतो आणि सैल पडायला लागतो. पुढे एकदोन दिवस जागा ठणकते. मग व्यायाम करायचा. या उपचाराला ड्राय नीडलिंग म्हणतात. ड्राय म्हणजे कोरडं, कारण सुईत औषध नसतं.

इथे आजीने मॅडमना थांबवलं. "औषीध नाय?"

"नाही, आजी. नुसती सुई."

"मंग ती घालायची कामून?"

मॅडमनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. आजीने पुन्हा पहिल्यापासून ऐकलं. सुई बंद पाकिटातून नवी निघते की नाही, ते डोळ्यांजवळ धरून पाहिलं. सुई केसाएवढी बारीक होती. तिला नेढं नव्हतं, म्हणजे शिवणाची नव्हे. पोकळ नव्हती, म्हणजे इंजेक्शनची नव्हे. आजी विचारात पडल्या. त्यांच्या माहितीत अशा सुईला जगात एकच काम उरत होतं.

पलंगावर झोपायला त्या तयार होईनात. झोपल्यावर समोरचं माणूस काय करतंय ते दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. शेवटी मॅडमनी त्यांना खुर्चीत बसवलं, पुढच्या टेबलावर उशी ठेवून त्यावर कपाळ टेकवायला सांगितलं आणि सुई घातली. मुंगी चावल्याइतकंही दुखलं नाही. मग मॅडमनी ती गाठीत जराशी पुढेमागे केली आणि खांद्याचा स्नायू, पाण्याबाहेरची मासोळी उडावी तसा टुणकन उडाला!

"घावला!" आजी उशीतूनच म्हणाल्या आणि त्यांनी उजवा हात मागे करून तळहात पसरला.

मॅडम त्या हाताकडे पाहत राहिल्या. "काय देऊ, आजी?"

"काटा."

"काटा नव्हता, आजी. गाठ होती."

"बरं. मंग गाठ ठिवा हातावर."

मॅडमनी गाठ हातावर का ठेवता येत नाही ते सांगितलं. आजीने हात मिटला, पदर सावरला आणि घरी येईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. आजी गप्प बसल्या, की घरातल्यांना धडकी भरायची. दुसऱ्या दिवशी, मॅडम म्हणाल्या होत्या तशी, मान ठणकू लागली आणि आजीचं मौन सुटलं. ठणकतं म्हणजे काय? काटा मोडला आणि आत राहिला! बाईचा हात कच्चा, म्हणून दाखवायची लाज वाटली. आता हे पिकणार. आता त्या दवाखान्याची पायरी चढायची नाही, व्यायाम करायचा नाही. परवाच्या एसटीने आपण गावाला जाणार आणि घरात पडून राहणार. लग्न तुमचं तुम्ही बघून घ्या.

बाबांनी समजावलं. अपेक्षाच्या आईने, म्हणजे रूपाताईंनी, समजावलं. आजीने दोघांचं ऐकून घेतलं आणि पिशवी भरायला घेतली.

अपेक्षा दाराआडून पाहत होती. तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आजीला काय हवं आहे? काटा. काटा दिसला, की आजी खूश. खूश झाली, की व्यायाम करणार, पुन्हा दवाखान्यात जाणार, मान सुटणार, मंडपात येणार. एवढ्याशा काट्यापायी एवढं मोठं लग्न अडलं होतं! मोठ्या माणसांना हे इतकं सोपं कसं सुचत नाही, याचं तिला नवल वाटलं.

त्यांच्या इमारतीच्या भिंतीवर बोगनवेल होती. तिथे काट्यांना काय तोटा? अपेक्षाने एक चांगला जाडजूड काटा निवडला आणि ओढला. घाईत त्याचं टोक मोडलं. असू दे, ती म्हणाली, काटा तो काटा. तो नवा कोरा दिसू नये म्हणून तिने त्याला चहाच्या गाळात बुडवून ठेवलं. मग कापसात गुंडाळला. तिची शिकवणी दवाखान्याच्याच गल्लीत होती, त्यामुळे पुढचं जुळवायला सोपं गेलं. संध्याकाळी शिकवणीवरून आल्या आल्या तिने आजीपुढे पुडी धरली. आमरीन मॅडमनी हाक मारून दिली, असं ती म्हणाली. कापसात राहून गेला होता, त्यांना नंतर दिसला.

आजीने पुडी उघडली.

मुलांनो, औषधांनी होत नाही ते त्या काट्याने केलं! आजीचा चेहरा फुलला. "म्या म्हणलं नव्हतं?" असं त्यांनी घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं ऐकवलं. ठणका तोपर्यंत ओसरत आलाच होता. काटा उजेडात बघायला म्हणून त्या खिडकीकडे वळल्या, आणि वळली ती फक्त मान! सगळं अंग जागच्या जागी होतं. रूपाताईंनी तोंडावर हात ठेवला. अपेक्षाला वाटलं, आपण मोठेपणी डॉक्टरच व्हावं.

तिचा हा आनंद आजीने चष्मा लावेपर्यंत टिकला.

"टोक मोडलंय," आजी म्हणाल्या. "म्हंजी टोक आजून आत हाय. जावं लागंल परत त्या बाईकडं." इथपर्यंत ठीक होतं. उलट बरंच झालं. पण आजीने काटा बोटावर फिरवला. त्यांनी पुन्हा फिरवला.

लक्षात ठेवा, उभा जन्म लोकांच्या पायातले काटे काढलेली बाई होती ती. बाभळीचा काटा पांढरट आणि सरळ, बोरीचा आकडीसारखा, हिवराचा वेगळा. अपेक्षाला काटा तो काटा. आजीला तसं नव्हतं.

"ह्यो कागदफुलाचा हाय."

कागदफूल म्हणजे बोगनवेल. अपेक्षाला वाटलं, सापडले. पण आजी खालच्या भिंतीकडे पाहतच नव्हत्या. त्या पाहत होत्या फुलंब्रीच्या दिशेने. कारण त्यांच्या अख्ख्या गावात कागदफुलाचा वेल एकाच दारात होता. दगडाबाईंच्या! शहरातून रोप नेऊन लावलेला, पाणी घालून घालून दारावर कमानीसारखा चढवलेला, तिथून बोळावर लोंबलेला. आणि त्याच बोळातून मनकर्णाबाई चाऱ्याचा भारा डोक्यावर घेऊन रोज जायच्या. वेल छाटून टाक म्हणून त्यांनी जाऊबाईंना मागे सांगितलंही होतं. दगडाबाई हसल्या होत्या. आता ते हसणं मनकर्णाबाईंना नव्याने आठवलं.

"आजी," अपेक्षा चाचरत म्हणाली, "अशी वेल तर आपल्या बिल्डिंगखालीपण आहे."

"मी काय तुमच्या बिल्डिंगीखालून भारे वाहते व्हय? दुखणं इथं यायच्या आधीपसून हाय माझं."

हे बिनतोड होतं.

आजीने फोन मागून घेतला. जावाजावांचं बोलणं पाऊण तास चाललं आणि ते फोनशिवायही फुलंब्रीपर्यंत ऐकू गेलं असतं. थोडक्यात सांगायचं तर मनकर्णाबाई म्हणाल्या, की तुझ्या वेलाने माझी मान खाल्ली, तो मुळापासून उपट, नाहीतर मी मंडपात येत नाही. दगडाबाई म्हणाल्या, की माझ्या वेलाने आजवर कुणाला ओरखडा काढलेला नाही, लग्नाच्या दाराला फुलांची कमान म्हणून मी तो जपलाय, ऐन लग्नात उपटू होय? मनकर्णाबाई म्हणाल्या, पुरावा माझ्या हातात आहे. दगडाबाईंनी फोन ठेवला.

मग गाव मध्ये पडलं, म्हणजे काय झालं असेल ते ओळखा! नवरीचा भाऊ सम्यक डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन वेलाखालून चालून गेला. त्याची चित्रफीत भावकीच्या सगळ्या फोनांवर फिरली. एकही काटा पडला नाही, म्हणून अर्धी भावकी दगडाबाईंच्या बाजूला गेली. मनकर्णाबाईंनी निरोप धाडला, की सम्यक माझ्यापेक्षा वीतभर बुटका आहे. उरलेली अर्धी त्यांच्या बाजूला आली. बाबांना वाळूजच्या कंपनीत कामावर असताना काका, मामा, चुलतभाऊ असे सगळे फोन करून वेलाची उंची सांगू लागले.

बाबांना वेगळीच शंका होती. मॅडम तर काटा नव्हताच म्हणाल्या होत्या. मग हा आला कुठून? रात्री जेवताना त्यांनी ती बोलून दाखवली आणि अपेक्षाच्या हातातला पेला खाली पडला. फोन करून विचारावं, तर काय विचारायचं, की मॅडम, तुम्ही माझ्या आईच्या मानेतून बोगनवेल काढली का? त्यापेक्षा आपण उद्या जाणारच आहोत, तेव्हा समोरच बोलू, असं त्यांनी ठरवलं. अपेक्षाला त्या दिवशी भूक नव्हती. पुरणपोळी असती तरी नसती.

दुसऱ्या दिवशी बाबांनी दोघींना दवाखान्याच्या दारात उतरवलं आणि ते गाडी लावायला जागा शोधत गल्ल्यागल्ल्यांतून फिरत राहिले. ज्यांनी सिडकोत गाडी लावून पाहिली आहे, त्यांना बाबा पुढे बराच वेळ आले नाहीत याचं आश्चर्य वाटणार नाही.

आत आजीचा नूर पालटला होता. मॅडमवर आता त्यांचा विश्वास बसला होता. झोपा म्हणताच त्या पलंगावर पालथ्या झोपल्या. असल्या पलंगाला डोकं ठेवायच्या जागी एक गोल भोक असतं. त्यात तोंड ठेवायचं, म्हणजे मान सरळ राहते आणि श्वासही घेता येतो. फक्त खालची फरशी सोडून दुसरं काही दिसत नाही. बामच्या रिकाम्या डबीत ठेवलेला काटा आजीने अपेक्षाच्या हाती दिला आणि भोकात तोंड घातलं. टोकाबद्दल त्या मॅडमना काही सांगू लागल्या, पण मॅडमनी बोलू नका म्हणून बजावलं. मानेत, खांद्यात सुया घातल्या. थोडा वेळ अशाच ठेवायच्या आहेत, म्हणाल्या, तोवर अजिबात हलायचं नाही.

आणि तेवढ्यात दार उघडलं. दारात दगडाबाई!

लग्नाचं लुगडं घ्यायला त्या शहरात आल्या होत्या. घरी गेल्या तर रूपाताईंनी दवाखान्याचा पत्ता दिला. काखेत त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक आणलं होतं.

आजीला भोकातून दोन पाय दिसले. "ह्या टाचा मी वळखते," फरशीकडे पाहत त्या म्हणाल्या. "दगडे, तू?"

दगडाबाईंनी खोलीभर पाहिलं. "आक्का, तुम्ही कुठून बोलायल्या?"

"खालून."

दगडाबाई पलंगाजवळ आल्या. जाऊबाईंच्या मानेतल्या सुया पाहून त्या क्षणभर भांडण विसरल्या आणि फार दुखतंय का म्हणून विचारलं. मग भांडण आठवलं. त्यांनी वर्तमानपत्र सोडलं. आत वेलाची अख्खी फांदी होती, फुलांसकट, काट्यांसकट.

"ह्यो माझा येल. तुमचा काटा काढा अन् ह्याच्याशेजारी ठिवा. डाक्टरीणबाई शिकलेल्या हायत, त्याच सांगतील एक हाय का दोन ते."

मॅडम म्हणाल्या, कसला काटा?

"तुम्ही काढलेला," आजी भोकातून म्हणाल्या. "माझ्या मानंतून."

"मी? आजी, मी काटा काढलेला नाही. आत काटा नव्हताच. मी त्या दिवशीच सांगितलं ना?"

"मंग पुडी कुणी धाडली?"

"कसली पुडी?"

खोलीत एकदम शांतता पसरली. आजीला फरशीवर काय दिसत होतं सांगू? दगडाबाईंच्या भेगाळलेल्या टाचा जागच्या जागी होत्या. मॅडमचे पांढरे बूट जागच्या जागी होते. आणि दोन लहान अनवाणी पाय भिंतीच्या कडेकडेने, एकेक फरशी मागे टाकत, दाराकडे सरकत होते.

"ती बारकी पावलं कुठं निघाली?" आजीने विचारलं.

पावलं थांबली. पण त्यांच्याकडे कुणाचं लक्षच गेलं नाही, कारण दगडाबाईंना त्या शांततेचा भलताच अर्थ लागला होता. डाक्टरीणबाई म्हणतात काटा काढलाच नाही. म्हणजे आक्कांनी तो कुठून तरी आणला. म्हणजे आक्कांना लग्नाला यायचंच नव्हतं आणि त्यासाठी निमित्त हवं होतं. त्यांनी फांदी पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतली. कागद काट्यांत अडकून फाटत होता.

"समजलं मला," त्या म्हणाल्या. "प्रेरणाला हळद लावायचा पयला हात तुमचा, असं सगळ्यांना सांगून बसले व्हते मी. ऱ्हाऊ द्या. नका येऊ."

"दगडे, मी काय खोटं बोलते व्हय?" आजी उठू पाहत होत्या. मॅडमनी त्यांच्या पाठीवर हात ठेवून त्यांना खाली दाबून धरलं. सुया होत्या, मान वळवता येत नव्हती, आणि जाऊबाईंच्या टाचा दाराकडे वळल्या होत्या.

अपेक्षा दारातच उभी होती. दार उघडं होतं, बाहेर गल्ली होती, गल्लीच्या टोकाला शिकवणी होती. एक उडी मारली असती तर ती सुटली असती. पण मग दगडाआजीही तिच्यामागून निघून गेल्या असत्या, आणि घागरा राहिला बाजूला, या दोन म्हाताऱ्या पुन्हा एका ओट्यावर बसल्या नसत्या.

तुम्ही असता तर काय केलं असतं? जरा थांबा, विचार करा.

अपेक्षाने दार लावून घेतलं. मग ती पळत आली, जमिनीवर पडली आणि उताणी होऊन पाठीने सरकत सरकत पलंगाखाली गेली. आजीचं तोंड त्या गोल भोकात वर होतं. अपेक्षाने आपलं तोंड बरोबर त्याखाली आणलं. दोघी समोरासमोर आल्या, एक वर, एक खाली.

"आजी, काटा मी आणला," ती म्हणाली. "आपल्या बिल्डिंगच्या भिंतीवरचा. चहात बुडवला. मॅडमनी काही दिलं नव्हतं, अन् दगडाआजीच्या वेलाचापण नाही तो."

वर्तमानपत्राची खसखस थांबली.

"कामून केलंस असं?" आजीने विचारलं.

"तू गावाला चालली होतीस. अन् लग्नाला कुणीच गेलं नसतं."

आजी तिच्याकडे पाहत राहिल्या. त्यांना दुसरीकडे पाहताच येत नव्हतं. त्यांच्या डोळ्यातून पाण्याचा एक थेंब सरळ खाली आला आणि अपेक्षाच्या नाकावर पडला. ते रडणं होतं की उलटं झोपल्याने आलेलं पाणी, हे तिला कळलं नाही. मग आजी बोलल्या, आणि त्यांच्या आवाजात सगळा जुना संशय जसाच्या तसा होता.

"मंग माझ्या मानंतला खरा काटा कुठंय?"

आमरीन मॅडमनी डोळे मिटून घेतले. त्यांचा उपचार, त्यांची गाठ, त्यांचं दोनदा पहिल्यापासून सांगणं, सगळं फुकट गेलं होतं!

"ते बघू मागून," आजी स्वतःच म्हणाल्या. "दगडे, हायस का गेलीस?"

"हाय."

"येलाला हात लावू नको. कमान चांगली दिसंल. अन् हळदीला मी येते."

दगडाबाईंनी नाक ओढलं. मॅडम म्हणाल्या, शाब्बास, झालं सगळं गोड, आता दोन मिनिटांत सुया काढते, मग आजी उठतील आणि सगळे मिळून घरी जा.

"गोड मागून," दगडाबाई म्हणाल्या आणि पलंगाजवळ आल्या. "आधी त्या पोरीला भायेर काढा. सगळ्या भावकीत माझ्या येलाची बदनामी झाली. सम्यकनं डोक्यावर भारा घिऊन बोळात चकरा मारल्या. मला तिच्याशी बोलायचंय."

"मलाबी," वरून आजी म्हणाल्या. "ह्या सुया निघू द्या फकस्त."

अपेक्षाला पलंगाखालून एका बाजूला दगडाआजीच्या टाचा दिसत होत्या. टाचांशेजारी कागदातून फांदीचं टोक बाहेर आलं होतं आणि त्याला काटे होते, एकही न मोडलेले. दुसऱ्या बाजूला भिंत होती. तिने पाय पोटाशी घेतले, हळूच हात लांब केला आणि मॅडमचा पांढरा बूट हलवला.

"मॅडम," ती कुजबुजली, "आजीच्या सुया अजून थोडा वेळ ठेवता येतील का?"